कारच्या एसीचा कंडेन्सर बदलताना: लीकेज शोधण्यापासून गॅसच्या वजनापर्यंत

एसी थंड करेनासा झाला की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: 'गॅस संपलाय, भरून देतो.' पण एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. रबरी नळ्यांमधून थोडासा झिरपतो, त्यामुळे सात-आठ वर्षांनी कूलिंग जरा मंदावलं तर समजू शकतं. पण एका उन्हाळ्यात भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकत नसेल, तर कुठेतरी भोक आहे आणि ते शोधल्याशिवाय पुन्हा गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं.

हे भोक कंडेन्सरमध्ये, म्हणजे कॉम्प्रेसरनं (गॅस दाबणाऱ्या पंपानं) दाबलेला गरम गॅस जिथे बाहेरच्या हवेनं गार होतो त्या जाळीत, असण्याची शक्यता बरीच मोठी असते. कंडेन्सर गाडीच्या अगदी पुढे, ग्रिलच्या मागे आणि रेडिएटरच्या पुढे बसवलेला असतो. घाटात पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा, पावसाळ्यातला चिखल, कोकणातली खारी हवा, वॉशिंग सेंटरवरचा जोरदार फवारा, सिग्नलवर बंपरला बसलेला हलका धक्का, हे सगळं आधी त्याच्या वाट्याला येतं. त्याच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या चपट्या आणि पातळ असतात. एका नळीत मिलिमीटरभर रुंदीच्या अनेक वाहिन्या शेजारी शेजारी असतात. उष्णता पटकन बाहेर पडावी म्हणून ही रचना आहे आणि त्यामुळेच तो नाजूकही आहे.

या लेखात साधी पेट्रोल किंवा डिझेल हॅचबॅक आणि त्यात आर-134ए गॅस, असं धरलं आहे. आपल्याकडच्या रस्त्यांवरच्या बहुतेक गाड्यांत हाच गॅस असतो. तरी बोनेटच्या आत लावलेलं एसीचं स्टिकर आधी वाचा. गॅसचा प्रकार आणि नेमकं वजन त्यावर छापलेलं असतं. त्यावर आर-1234वायएफ असेल तर तो गॅस, त्याचं तेल आणि मशीन सगळं वेगळं आहे, शिवाय तो किंचित ज्वलनशील आहे. ते काम त्याची सोय असलेल्या ठिकाणीच द्या. इलेक्ट्रिक आणि बऱ्याच हायब्रिड गाड्यांचा कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि त्याला वेगळं तेल लागतं. नारिंगी रंगाची केबल दिसली की घरी हात लावायचा नाही.

घरी किती आणि गॅरेजमध्ये किती

बंपर उतरवणं, जुना कंडेन्सर काढणं, नवा बसवणं हे हाताला पान्यांची सवय असलेल्या माणसाला एका सुट्टीच्या दिवसात जमतं. गॅस काढून घेणं, नायट्रोजननं तपासणं, व्हॅक्यूम मारणं आणि मोजून गॅस भरणं यासाठी मशीन लागतं. एवढ्यासाठी घरी ते सगळं विकत घेण्यात अर्थ नाही. माझं मत असं: गॅस काढण्याचं आणि भरण्याचं काम चांगल्या एसीवाल्याकडून करून घ्या. मधलं काम स्वतः करा किंवा त्याच्यासमोर उभं राहून करून घ्या. पुढचं सगळं वाचून ठेवलं तर दुसऱ्या पर्यायातही खूप फरक पडतो, कारण कुठे घाई केली जाते ते तुम्हाला दिसेल.

दोष कंडेन्सरचाच आहे ना?

गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही नळ्यांतून फिरत असतं. जिथून गॅस निसटतो तिथे तेलही ओघळतं आणि त्यावर धूळ चिकटून काळपट, ओशट डाग तयार होतो. टॉर्च घेऊन ग्रिलमधून आणि बंपरच्या खालून कंडेन्सरची जाळी नीट पाहा. खालच्या भागात आणि बाजूच्या उभ्या नळीला जिथे पाइप जोडलेले असतात तिथे जास्त वेळ द्या. डागाच्या मधोमध फिन्स (नळ्यांमधल्या पातळ पत्र्याच्या घड्या) आत चेपलेल्या असतील तर ते खड्याचं काम. डाग फक्त जोडाभोवती असेल तर ओ-रिंग (जोडातलं रबरी कडं) गेली असण्याची शक्यता आहे आणि शंभर रुपयांच्या आतल्या वस्तूसाठी कंडेन्सर बदलायची गरज नाही.

थोडा गॅस शिल्लक असेल तर साबणाचं पाणी उपयोगी पडतं. एसी काही मिनिटं चालवा, इंजिन बंद करा आणि लगेच संशयाच्या जागी फेस लावा. कंडेन्सर जास्त दाबाच्या बाजूला असल्यामुळे त्या क्षणी आतला दाब भरपूर असतो. अगदी बारीक लीकेजला मात्र साबण दाद देत नाही. तिथे गॅससोबत रंगद्रव्य सोडून चार-आठ दिवसांनी अतिनील टॉर्चनं पाहतात, किंवा यंत्रणा रिकामी करून नायट्रोजन भरतात.

आता जे कंडेन्सरसारखं दिसतं पण नसतं ते. हायवेला गार आणि सिग्नलला गरम, ही तक्रार असेल तर आधी रेडिएटरचा पंखा तपासा. बहुतेक गाड्यांत एसी लावल्यावर पंखा फिरायलाच हवा. पंखा फिरत असेल तर कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत डोकावा. तिथे पानं, किडे आणि चिखलाचा थर बसलेला असतो. तो साध्या नळाच्या पाण्यानं हलक्या धारेनं धुऊन काढल्यावर कितीतरी गाड्या बऱ्या होतात. पंखा आणि जाळी दोन्ही ठीक असतील आणि कंडेन्सरवर डाग नसेल, तर लीकेज डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये किंवा कॉम्प्रेसरच्या पुढच्या सीलमध्ये असू शकतं. ते दोन्ही वेगळ्या खर्चाचे विषय आहेत, म्हणून इथे घाई नको.

एक परिस्थिती अशी आहे की कंडेन्सरला भोक नसतानाही तो बदलावाच लागतो. कॉम्प्रेसर आतून घासून तुटला असेल तर त्याची धातूची भुकटी गरम गॅसबरोबर थेट कंडेन्सरमध्ये जाते. इतक्या बारीक वाहिन्यांतून ती धुऊन पूर्ण निघत नाही. जुनाच कंडेन्सर ठेवून नवा कॉम्प्रेसर लावला तर उरलेली भुकटी एक्स्पान्शन वॉल्व्हचं (कूलिंग कॉइलच्या आधी दाब उतरवणाऱ्या अरुंद झडपेचं) तोंड बुजवते, आणि मग नव्या कॉम्प्रेसरला तेल पोचत नाही. 'फ्लश मारून देतो' हे इथे चालत नाही.

'टाका मारून देतो' याबद्दलही सांगतो. बाजूच्या जाड नळीला किंवा पाइपला चीर असेल तर आर्गॉन वेल्डिंग टिकू शकतं. जाळीतल्या चपट्या नळीवर लावलेला एपॉक्सी किंवा टाका हा गावाला पोचेपर्यंतचा उपाय समजा. तिथे उन्हाळ्यात 250 पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) आसपास दाब असतो आणि वर इंजिनची थरथर. लीकेज बंद करणारं द्रव्य डब्यातून आत सोडणं तर मला अजिबात पसंत नाही. ते ओलावा लागला की घट्ट होतं, नको तिथे चिकटतं आणि पुढे गॅस काढून घेणारं मशीनही खराब करतं. म्हणूनच काही गॅरेजवाले असं द्रव्य टाकलेली गाडी घ्यायला नकार देतात, आणि ते बरोबर आहेत.

सामान घेताना

कंडेन्सर गाडीच्या मॉडेलवर मागू नका, चासी नंबरवर मागा. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीत, किंवा दोन वर्षांच्या गाड्यांत, पाइपचं तोंड आणि पकडीची जागा बदललेली असू शकते. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांना मूळ एसी सामान सुब्रोस पुरवते. तिचाच माल सुट्या भागांच्या बाजारातही मिळतो, त्यामुळे कंपनीच्या डब्यातलंच घ्यायला हवं असं नाही. पण वजनाला हलका, फिन्स विरळ असलेला बिननावाचा कंडेन्सर घेऊ नका. तो गळेल असं नाही, पण मे महिन्यात नागपुरात किंवा जळगावात उष्णता पुरेशी फेकणार नाही आणि मग दोष कॉम्प्रेसरवर जाईल.

ड्रायर, म्हणजे गॅसमधला ओलावा शोषणारा भाग, कुठे आहे ते विचारा. हल्लीच्या गाड्यांत तो कंडेन्सरच्याच बाजूला उभ्या नळीच्या रूपात जोडलेला असतो आणि त्यात ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची पिशवी असते. नव्या कंडेन्सरसोबत नवी पिशवी आली म्हणजे तो प्रश्न सुटला. ड्रायर वेगळा असेल तर तोही बदला. यंत्रणा उघडल्यावर जुना ड्रायर हवेतला ओलावा पिऊन बसतो आणि त्याला वाळवून पुन्हा वापरता येत नाही.

दोन्ही तोंडांवरची टोपणं घट्ट आहेत का ते दुकानातच पाहा. उघडा पडलेला कंडेन्सर घेऊ नका. सोबत एसीच्याच ओ-रिंगा घ्या. त्या बहुधा हिरव्या असतात आणि हे गॅस व तेल सोसतील अशा रबराच्या असतात. हार्डवेअरच्या दुकानातली काळी रिंग मापाला बसेल पण काही महिन्यांत फुगेल किंवा कडक होईल. तेल कोणतं ते स्टिकरवर किंवा कॉम्प्रेसरवर लिहिलेलं असतं. छोट्या गाड्यांत बहुधा पॅग 46 असतं. लहान, सीलबंद डबीच घ्या, कारण हे तेल हवेतला ओलावा झपाट्यानं ओढतं. अर्धी वापरलेली बाटली कितीही स्वस्तात मिळाली तरी नको. शिवाय तुटण्यासाठीच जन्मलेल्या बंपरच्या प्लास्टिक क्लिपा सात-आठ जास्तीच्या आणा.

हत्यारांत 8, 10 आणि 12 नंबरच्या गोट्या (सॉकेट), रॅचेट आणि लांब एक्स्टेन्शन, दोन स्क्रू ड्रायव्हर, क्लिप काढायचा चिमटा, गंज सोडवणारा स्प्रे, जमल्यास छोटा टॉर्क पाना (ठरलेल्या ताणाला आवळणारा), जाड हातमोजे आणि चष्मा. फिन्सच्या कडा ब्लेडसारख्या असतात.

पहिलं काम: गॅस काढून घेणं

गॅस हवेत सोडू नका, सोडू देऊ नका. पाइपचा बोल्ट सैल करून फुस्स करणं दोन मिनिटांत होतं, म्हणून अनेक ठिकाणी तसंच करतात. आर-134ए हवामानाला कार्बन डायऑक्साइडच्या 1,430 पट तापवतो. छोट्या गाडीतला 450 ग्रॅम गॅस सोडला तर तो साधारण 640 किलो कार्बन डायऑक्साइडएवढा होतो, म्हणजे जवळपास 280 लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. भारतानं 2021 मध्ये किगाली दुरुस्तीला (माँट्रियल या आंतरराष्ट्रीय करारातल्या बदलाला) मान्यता दिली आहे आणि आर-134एसारख्या वायूंचा वापर 2028 पासून गोठवून पुढे टप्प्याटप्प्यानं कमी करायचा आहे. म्हणजे हा गॅस जपून वापरणं हा आपल्या खिशाचाही प्रश्न होणार आहे.

धोका अंगालाही आहे. हा गॅस उणे 26 अंशांना उकळतो. त्याची द्रव धार डोळ्यात किंवा बोटावर आली तर ती जागा गोठते. बंद गॅरेजमध्ये तो जमिनीलगत साचतो आणि श्वासातली हवा हटवतो. ज्योतीशी संपर्क आला तर त्यातून विषारी वायू तयार होतात, म्हणून काम चालू असताना जवळ विडी, सिगारेट किंवा वेल्डिंग नको.

गॅस खेचून घेणारं मशीन असलेलं गॅरेज शोधा. किती ग्रॅम निघाला तो आकडा लिहून घ्या. स्टिकरवर 400 आणि निघाले 150, तर लीकेज खरं होतं याचा तो पुरावा. मशीनमध्ये गॅससोबत किती तेल आलं तेही विचारा, पुढे लागेल. गॅस आधीच पूर्ण गेला असेल तर ही पायरी आपोआप संपली, पण दाब शून्य आहे हे गेज लावूनच ठरवा, अंदाजानं नाही.

उघडणं

इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि काही मिनिटं थांबा. याला दोन कारणं आहेत. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, आणि एअरबॅगचे सेन्सर बऱ्याच गाड्यांत पुढच्या पट्टीवर असतात. त्या सेन्सरवर हातोडी किंवा पाना आपटू नका.

काही गाड्यांत वरची पट्टी सोडून रेडिएटर मागे कलवला की कंडेन्सर वरूनच निघतो. पण मी तरी बंपर उतरवण्याच्याच बाजूचा आहे. अर्धा-पाऊण तास जास्त जातो, पण सगळं उघड्यावर दिसतं आणि नव्या जाळीला खरवडण्याची भीती राहत नाही. बोनेट उघडून वरच्या क्लिपा, मग दोन्ही चाकांच्या कमानीतले स्क्रू, मग खालच्या क्लिपा आणि बोल्ट. शेवटी दोन्ही बाजूंना बंपर बाहेरच्या दिशेनं ओढून सोडवा. हे दोघांनी करा. फॉग लॅम्पची वायर जोडलेली राहिली असेल तर एकट्यानं ओढताना ती तुटते. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि स्क्रू त्या त्या जागेप्रमाणे वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा. कमानीतला लांब स्क्रू वरच्या पट्टीत घातला तर खाली काहीतरी भोसकलं जाऊ शकतं.

आता कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये एक पुठ्ठा सरकवा. या एका पुठ्ठ्यानं रेडिएटर वाचतो.

पाइप सोडताना घाई नको. प्रत्येक पाइप एका चौकोनी ठोकळ्यात असतो आणि तो सहसा 10 नंबरच्या एकाच बोल्टनं आवळलेला असतो. लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये वर्षानुवर्षं राहिला की तिथे पांढरी पूड धरते आणि तो जखडतो. कोकणातल्या आणि गोव्यातल्या गाड्यांत हे हमखास असतं. स्प्रे मारून पंधरा-वीस मिनिटं थांबा. मग थोडा सैल, थोडा घट्ट, असं पुढेमागे करत काढा. बोल्ट निघाला तरी ठोकळा लगेच सुटत नाही. पाइप पिळू नका, ठोकळ्यालाच हलके हेलकावे द्या. पाइपला चीर गेली तर अख्खी होज (रबरी नळीसह पाइप) बदलावी लागते आणि ती कंडेन्सरच्या किमतीजवळ जाते.

पाइप सुटताक्षणी दोन्हीची तोंडं स्वच्छ प्लास्टिक आणि टेपनं बंद करा. चिंधी कोंबू नका, तिचे धागे आत जातात. पावसाळ्यात हे काम टाळता आलं तर उत्तम, आणि नाहीच टळलं तर यंत्रणा उघडी राहण्याचा वेळ मिनिटांत मोजा, तासांत नाही.

तेलाचा हिशेब

जुना कंडेन्सर बाहेर काढल्यावर त्याची दोन्ही तोंडं खाली करून आतलं तेल मापाच्या पेल्यात निथळू द्या. जेवढं निघेल तेवढं, आणि गॅस काढताना मशीनमध्ये आलं असेल तेवढं, असं नवीन तेल परत घालायचं असतं. आत चिकटून राहिलेलं तेल निघत नाही आणि लीकेजमधूनही थोडं गेलेलं असतं, म्हणून गाडीच्या मॅन्युअलमध्ये कंडेन्सर बदलल्यावर घालायचा आकडा दिलेला असेल तर तोच धरा. तो बहुधा 20 ते 40 मि.लि.च्या मध्ये असतो. छोट्या गाडीच्या पूर्ण यंत्रणेत साधारण 100 ते 150 मि.लि. तेल असतं हे लक्षात घेतलं की 'थोडं जास्त असू दे' यातला धोका कळतो. कमी तेलानं कॉम्प्रेसर घासतो. जास्त तेल कूलिंग कॉइलच्या आत थर धरून थंडावा कमी करतं.

पेल्यातल्या तेलाचा रंगही पाहा. स्वच्छ किंवा किंचित पिवळसर असेल तर ठीक. रंगद्रव्य टाकलेलं असेल तर हिरवट दिसेल. काळं, जळका वास येणारं, बोटावर चोळल्यावर चमचमणारं तेल निघालं तर काम तिथेच थांबवा. कॉम्प्रेसर मरणपंथाला आहे आणि नव्या कंडेन्सरमध्ये तोच कचरा जाईल.

नवा बसवणं

जुना आणि नवा शेजारी ठेवून तोंडं, पकडी आणि जाडी ताडून घ्या. मग जुन्यावरचे रबरी बूच, कंस आणि विशेषतः कडेच्या फोमच्या पट्ट्या नव्यावर चढवा. या पट्ट्या फालतू दिसतात आणि पुष्कळ ठिकाणी कचऱ्यात जातात. त्यांचं काम मोठं आहे: पंख्यानं ओढलेली हवा जाळीतूनच यावी, बाजूच्या फटीतून नाही, आणि रेडिएटरची गरम हवा वळसा घालून पुन्हा पुढे येऊ नये. पट्ट्या नसलेली गाडी हायवेला बरी चालते आणि ट्रॅफिकमध्ये हरते. जुन्या कुजल्या असतील तर नवा फोम कापून चिकटवा.

कंडेन्सर बसवून त्याचे कंस आवळा, पण टोपणं अजून काढू नका. ओ-रिंगा ताज्या तेलात बुडवून पाइपवर चढवा. ग्रीस किंवा सिलिकॉन लावायचं नाही. ठोकळ्याची बसण्याची जागा स्वच्छ कापडानं पुसा. आता टोपणं काढा, मोजलेलं तेल आत ओता आणि लगेच पाइप हातानं सरळ आत दाबा. ठोकळा पूर्ण टेकल्यावरच बोल्ट फिरवायचा. बोल्टच्या जोरावर ठोकळा आत ओढला तर रिंग कापली जाते. या बोल्टला 10 न्यूटन-मीटरच्या आसपासच ताण लागतो, मॅन्युअलचा आकडा असेल तर तो प्रमाण. मनगटाचा जोर पुरे, खांद्याचा नको.

बंपर अजून चढवू नका.

नायट्रोजन, मग व्हॅक्यूम

आधी कोरडा नायट्रोजन रेग्युलेटर लावून साधारण 150 पीएसआयपर्यंत भरतात, सगळ्या जोडांना फेस लावतात आणि अर्धा तास काटा हलतो का ते पाहतात. सिलिंडरमध्ये दाब दहा पटींहून जास्त असतो, म्हणून रेग्युलेटरशिवाय नळी जोडणाऱ्याला तिथेच थांबवा. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कधीही नाही. तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवाही नको, त्यात पाण्याची वाफ असते. ही पायरी बरेच जण गाळतात आणि थेट व्हॅक्यूमवर विसंबतात. पण व्हॅक्यूममध्ये बाहेरचा दाब फार तर 15 पीएसआयएवढाच असतो. एवढ्यानं न दिसलेली बारीक गळती उन्हाळ्यातल्या 250 पीएसआयला दिसतेच, तेव्हा मात्र भरलेला गॅस गेलेला असतो.

नायट्रोजन सोडून दिल्यावर व्हॅक्यूम पंप लावायचा. हवा काढणं हे त्याचं अर्धंच काम आहे. खरं काम ओलावा काढणं. दाब खूप उतरला की आत राहिलेलं पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होतं आणि पंपातून निघून जातं. ओलावा आत राहिला तर तो एक्स्पान्शन वॉल्व्हच्या तोंडाशी बर्फ होऊन अडतो आणि तेलाशी मिसळून आतून गंज धरवतो. म्हणून किमान 30 ते 45 मिनिटं, आणि पावसाळी हवेत तासभर. पाच मिनिटं पंप फिरवून 'व्हॅक्यूम झाला' म्हणणाऱ्याला नम्रपणे थांबायला सांगा. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर पंप म्हणून वापरत असतील तर तो इतका खोल जात नाही.

गेजबद्दल एक गोष्ट आपल्याकडे गोंधळ घालते. पुस्तकात व्हॅक्यूमचा आकडा 30 इंच पारा असा असतो, तो समुद्रसपाटीचा. मुंबई, रत्नागिरी, पणजीला काटा त्याच्या जवळ जाईल. पुणं सुमारे 560 मीटर उंचीवर आहे, तिथे बाहेरच्या हवेचाच दाब कमी असल्यामुळे उत्तम पंपही 28 इंचांच्या आसपास थांबतो. महाबळेश्वरला तर 25-26. हे लीकेज नाही. पंप बंद करून वॉल्व्ह बंद केल्यावर काटा 20-30 मिनिटं तिथेच राहिला पाहिजे, याकडे लक्ष द्या. थोडा वर येऊन थांबला तर आत ओलावा आहे, पुन्हा पंप चालवा. सतत वर येत राहिला तर गळती आहे.

गॅस: वजनानं, दुसऱ्या कशानंही नाही

स्टिकरवर जो आकडा आहे तेवढाच. छोट्या गाड्यांत तो साधारण 350 ते 500 ग्रॅम असतो आणि चुकीला जागा पंचवीस-तीस ग्रॅमची. पाइपला हात लावून, पाइपवरच्या छोट्या काचेतले बुडबुडे पाहून किंवा फक्त गेजचा काटा बघून गॅस भरण्याची पद्धत जुन्या, मोठ्या यंत्रणांमध्ये खपून गेली. आजच्या छोट्या कंडेन्सरमध्ये पन्नास ग्रॅम जास्त गेला तरी दाब चढतो आणि कूलिंग उलट कमी होतं. चार्जिंग मशीन नसेल तर डबा किंवा सिलिंडर इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून भरायला सांगा, आणि नळीत अडकून राहणारा गॅसही हिशेबात धरायला सांगा.

भरण्याची रीत अशी: आधी नळीतली हवा काढून टाकायची. मग इंजिन बंद असतानाच व्हॅक्यूमच्या ओढीनं जेवढा गॅस जाईल तेवढा आत घ्यायचा. त्यानंतर जास्त दाबाच्या बाजूचा वॉल्व्ह पक्का बंद. इंजिन चालू, एसी पूर्ण, गाडीच्या आतला पंखा पूर्ण, आणि उरलेला गॅस कमी दाबाच्या बाजूनं वायुरूपात. इंजिन चालू असताना डबा उलटा धरायचा नाही, कारण द्रव कॉम्प्रेसरमध्ये गेला तर आतले वॉल्व्ह तुटतात. आणि जास्त दाबाचा वॉल्व्ह चालू इंजिनवर उघडला तर उलट दाबानं डबा फुटू शकतो. या दोन चुका जीवावर किंवा कॉम्प्रेसरवर बेततात.

गॅसचा डबा सीलबंद आणि नावाजलेल्या कंपनीचा आहे ना, ते पाहा. स्वस्त बिननावाच्या गॅसमध्ये ज्वलनशील वायूंची भेसळ असू शकते, आणि कूलिंग कॉइल तर आपल्या पायांच्या पुढेच असते.

तपासणी

बोनेट उघडं, काचा बंद, आतली हवा फिरवण्याचं बटण चालू, इंजिन मिनिटाला 1,500 फेऱ्यांच्या आसपास. बाहेर 35 अंश असतील तर कमी दाब साधारण 30 ते 45 आणि जास्त दाब 200 ते 250 पीएसआय दिसावा. डॅशबोर्डवर हवा येते त्या मधल्या जाळीत थर्मामीटर धरला तर काही मिनिटांत 8 ते 12 अंश. मुंबईच्या दमट हवेत एक-दोन अंश जास्त आला तर घाबरू नका, हवेतल्या वाफेचं पाणी करण्यात बरीच ताकद जाते. डॅशबोर्डखालून रस्त्यावर टपटपणारं पाणी हे चांगलं लक्षण.

दोन्ही दाब जास्त असतील तर गॅस जास्त झाला, आत हवा राहिली किंवा पंखा नीट फिरत नाही. दोन्ही कमी असतील तर गॅस कमी. कमी दाब फार खाली आणि जास्त दाब फार वर, तर मध्ये कुठेतरी अडथळा आहे. कमी दाब वर आणि जास्त दाब खाली, म्हणजे दोन्ही एकमेकांच्या जवळ आले, तर कॉम्प्रेसर दाब तयार करत नाही. सगळं जुळलं की मगच बंपर चढवा, फॉग लॅम्पची वायर जोडा, आणि भरण्याच्या वॉल्व्हवरची प्लास्टिकची टोपणं घट्ट लावा. आतल्या छोट्या पिनमधून होणारी गळती तीच टोपणं अडवतात.

बिल घेताना कंडेन्सर, ओ-रिंगा, तेल आणि गॅस वेगवेगळे लिहून घ्या, आणि गॅसपुढे ग्रॅम लिहायला लावा. तो आकडा बोनेटच्या स्टिकरशेजारी तारखेसह मार्करनं लिहून ठेवला तर पुढच्या मिस्त्रीला उपयोग होतो. अपघातात कंडेन्सर फुटला असेल तर उघडण्याआधीचे फोटो आणि जुना भाग विम्याचा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत जपा.

पंधरा दिवसांनी टॉर्च घेऊन नव्या जोडांवर ओशटपणा दिसतो का ते पाहा. वॉशिंग सेंटरवर ग्रिलच्या आत फवारा मारू नका असं आधीच सांगा. खड्यांपासून बचावाला ग्रिलमागे जाळी लावायची असेल तर बोटाच्या पेराएवढ्या भोकांची लावा. मच्छरदाणीसारखी बारीक जाळी हवा अडवते आणि पहिल्याच चिखलात बुजते. किनारपट्टीवर राहत असाल तर पंधरवड्यातून एकदा नळाच्या साध्या पाण्यानं कंडेन्सरवरचं मीठ धुवा. आणि हिवाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवा. तेल फिरत राहिलं की कॉम्प्रेसरचं सील ओलं राहतं आणि कोरडं पडून गळत नाही.